आवाज न करणारा संगणक कसा जुळवावा?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत एकच मागणी ऐकूं येऊं लागली आहे. मुलगा दहावी-बारावीपर्यंत आला कीं वडिलांस म्हणतो, "बाबा, मला एडिटिंगकरितां संगणक पाहिजे." वडिलांस शंका येते कीं, एडिटिंग हें निमित्त असून खेळ हेंच खरें कारण असावें. ही शंका अगदींच निराधार नसते; परंतु मागणीहि खोटी नसते. चित्रफितींचें संकलन करणारा संगणक आणि नवे खेळ सुरळीत चालविणारा संगणक हे दोन्ही जवळजवळ एकाच सामानाचे बनतात, आणि संकलनाचें काम तर आपल्या भागांत खरोखरच पुष्कळ आहे. धानाची कापणी व मळणी आटोपली कीं झाडीपट्टींत मंडई, शंकरपट आणि नाटकें यांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें या रंगभूमीचें माहेरघर. तेथील नाटकमंडळ्या दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गांवोगांवीं रात्रभराचे प्रयोग करीत फिरतात. याच रंगभूमीवरील नट श्री. परशुराम खुणे यांस सन २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. या नाटकांचीं व त्यांतील गाण्यांचीं चित्रणें आतां यूट्यूबवर दिसतात, लग्नकार्यांचीं चित्रणें दरसाल चाललेलीं असतात, आणि ताडोब्याच्या जंगलांत कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांची संख्याहि लहान नाहीं. हें सर्व कोणीतरी घरीं बसून कापावें, जोडावें आणि ऐकावें लागतें.

"ऐकावें" हा शब्द येथें मुद्दाम योजला आहे. झाडीपट्टीचा नट रंगमंचावर प्रत्यक्ष गातो. त्याच्या साथीस ऑर्गन व तबला असतो. ध्वनिक्षेपकाची गुणगुण, जनरेटरची घरघर, मागच्या रांगेंतील पोराचें रडणें, हें सारें चित्रणांत उतरतें, आणि तें हेरून कमी करणें हा संकलनाचा मोठा भाग असतो. आतां ज्या टेबलावर बसून हें काम करावयाचें, त्याच टेबलावरील संगणक जर पिठाच्या गिरणीसारखा घोंगावत असेल, तर चित्रणांतील घरघर कोणती आणि संगणकाची कोणती हें कानास कळत नाहीं. पुढें तीच फीत दुसऱ्या कोणी शांत खोलींत लावली म्हणजे राहिलेली चूक उघडी पडते. जंगलाच्या चित्रणांत तर हें अधिकच जाणवतें. रातव्याची एकसुरी चक्‌चक् किंवा दुरून आलेला सांबराचा इशारा हेंच ज्या फितीचें सर्वस्व, तिचें संकलन गोंगाटांत कसें व्हावें? खेळणाऱ्या मुलाच्या कानांवर हेडफोन असतात, म्हणून त्यास आवाजाचें फारसें कांहीं वाटत नाहीं. वाटतें तें शेजारच्या खोलींत झोपलेल्या आजोबांस.

तेव्हां संगणक घ्यावयाचा हें घरांत ठरलेंच असेल, तर तो शांत राहील असे त्याचे भाग कसे निवडावे, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

संगणकांत फिरणारे भाग फार थोडे असतात. पंखे, आणि असलीच तर जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, एवढेच काय ते फिरतात. बाकी सर्व सामान मुकें असतें. पंखा फिरतो तो आंतील उष्णता बाहेर टाकण्यासाठीं. म्हणून शांत संगणक म्हणजे ज्याच्या पंख्यांस धांवावें लागत नाहीं असा संगणक, आणि पंख्यांस धांवावें लागूं नये अशी इच्छा असेल तर आंत मुळांतच उष्णता कमी उत्पन्न झाली पाहिजे. निवडीचा सारा विचार येथून सुरू व्हावयास हवा. दुकानांत मात्र तो बहुधा उलट्या टोंकाकडून सुरू होतो: प्रथम सर्वांत वेगवान प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचे पंखे, आणि शेवटीं उरलेल्या पैशांत मिळेल तो एसएमपीएस.

उष्णतेची विल्हेवाट हा केवढा प्रश्न असतो हें चंद्रपूरकरांस नव्यानें सांगावयास नको. आपल्या महाऔष्णिक केंद्राची शक्ति २,९२० मेगावॉट आहे. पण अशा केंद्रांत कोळशाच्या उष्णतेपैकीं सुमारें एकतृतीयांशाचीच वीज होते, आणि उरलेली बहुतेक उष्णता पाण्याच्या व शीतमनोऱ्यांच्या द्वारें आणि धुरांड्यांतून बाहेर सोडावी लागते. इरई धरणाचें पाणी तेथें लागतें तें यासाठींहि. संगणकाची गोष्ट याहून कडक आहे. त्यांत जेवढी वीज जाते तेवढी सर्वच्या सर्व शेवटीं उष्णता होऊन खोलींत येते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शरीरांतून सुमारें १०० वॉट उष्णता निघते. ३२० वॉट घेणारा संगणक चालू केला म्हणजे त्या लहान खोलींत तीन माणसें अधिक येऊन बसलीं असें समजावें.

आतां आपल्या उन्हाळ्याचा हिशेब करूं. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेंतील बहुतेक प्रोसेसरांस ९५ अंश सेल्सिअसची मर्यादा घातलेली आहे. त्या अंशास पोंचला कीं प्रोसेसर आपण होऊनच वेग आवरतो. अशा भागांचीं परीक्षणें बहुधा थंड देशांत, किंवा वातानुकूलित खोलींत होतात. खोली २५ अंशांची धरली तर खोली व मर्यादा यांत ७० अंशांचें अंतर राहतें. चंद्रपुरांत मे महिन्याच्या दुपारीं, बाहेर पारा ४५ च्या वर असतांना, स्लॅबच्या घरांतील वरच्या मजल्यावरची खोली ४३ अंशांची होणें नवलाचें नाहीं. मग अंतर उरतें ५२ अंश. उष्णता बाहेर पडण्याचा वेग या अंतराच्या प्रमाणांत असतो. ५२ भागिले ७० म्हणजे पाऊण भागाहून किंचित् कमी. याचा अर्थ असा कीं, तोच पंखा, त्याच वेगानें व तेवढ्याच आवाजांत, आपल्याकडे तेथल्या तीनचतुर्थांशच उष्णता बाहेर टाकूं शकतो. परीक्षणांत "अत्यंत शांत" म्हणून गौरविलेला संगणक येथें एप्रिलमध्येंच ओरडूं लागतो तो यामुळें. त्यांत परीक्षकाचा दोष नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मग पंखाच नसलेला संगणक कां घेऊं नये? तसा मिळतो. ॲपल कंपनीनें सन २०२० च्या नोव्हेंबरांत एम१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर काढला. त्यांत पंखाच नाहीं, म्हणून पंख्याचा आवाजहि नाहीं. ज्यास थोडें संकलन करावयाचें आहे आणि खेळांची हौस नाहीं त्यास तो पुरेल. परंतु कंपनीनेंच तो १० ते ३५ अंश तपमानाच्या ठिकाणीं वापरावा असें सांगितलेलें आहे. आपल्याकडे ही वरची मर्यादा मार्चमध्येंच ओलांडली जाते. दीर्घ काम चाललें कीं तोहि तापतो, आणि पंखा नसल्यामुळें वेग कमी करण्यावांचून त्यास गति नसते. शिवाय पुष्कळसे खेळ त्यावर चालत नाहींत. आपल्या प्रदेशांत पंखे हवेतच. प्रश्न एवढाच कीं ते किती, केवढे आणि किती हळू.

पंख्यांचे नियम सोपे आहेत व ते विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर त्याची हवा निम्मी होते. परंतु आवाज मात्र सुमारें १५ डेसिबलनें उतरतो. दहा डेसिबलचा उतार कानास जवळजवळ निम्मा आवाज वाटतो, म्हणजे हा उतार निम्म्याहूनहि खालचा. उलट सारखेच दोन पंखे एकाऐवजीं लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलनें वाढतो. आतां हे दोन नियम एकत्र करून पहा. मिनिटास १,२०० फेऱ्यांनीं फिरणारे दोन पंखे काढून त्यांच्या जागीं ६०० फेऱ्यांचे चार बसविले. हवा तेवढीच राहिली. आवाज एका नियमानें १५ नें उतरला व दुसऱ्यानें ३ नें चढला, म्हणजे एकंदरींत १२ डेसिबलनें कमी झाला. चार पंखे दोघांपेक्षां शांत, हें प्रथमदर्शनीं उफराटें वाटतें खरें. त्याचप्रमाणें पंखा जितका रुंद तितका बरा. १४० मिलिमीटरचा पंखा १२० मिलिमीटरच्या पंख्याहून त्याच फेऱ्यांत सुमारें दीडपट हवा हलवितो, म्हणून त्यास हळू फिरवितां येतें. लहान पंख्याच्या वांट्यास धांवणें येतें. खेळांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या पातळ लॅपटॉपांचा कर्कश सूर यांतूनच निघतो.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर एकेका भागाकडे वळूं.

प्रोसेसर निवडतांना त्याच्या वेगाबरोबर तो जास्तींत जास्त किती वॉट घेतो हें पाहावें. इंटेलचा कोअर आय९ १४९००के, जो २०२३ च्या अखेरीस आला, तो भर कामांत २५३ वॉटपर्यंत घेण्यास मोकळा असतो. रायझन ५ ७६०० हा ६५ वॉटच्या वर्गांतील प्रोसेसर ८८ वॉटवर थांबतो. पहिला अधिक वेगवान आहे यांत शंका नाहीं. पण तो तिपटीच्या जवळपास वीज घेऊन तिप्पट काम करीत नाहीं. शेवटच्या थोड्या वेगासाठीं विद्युत्‌दाब वाढवावा लागतो, आणि खर्च होणारी शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून शेवटचा वेग हा नेहमीं सर्वांत महाग, सर्वांत उष्ण आणि सर्वांत गोंगाटी असतो. शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या संकलकास ६५ वॉटच्या वर्गांतील सहा किंवा आठ गाभ्यांचा प्रोसेसर पुरून उरतो.

परंतु प्रोसेसर ठरविण्यापूर्वीं आपला कॅमेरा चित्रण कोणत्या स्वरूपांत देतो याची चौकशी करावी, कारण येथें बरेचजण फसतात. मोबाइलचें व साध्या कॅमेऱ्याचें चित्रण उकलण्यासाठीं बहुतेक ग्राफिक्स कार्डांत स्वतंत्र व्यवस्था असते. कांहीं नवे कॅमेरे मात्र दहा बिटांचें ४:२:२ या स्वरूपांतील एच.२६५ चित्रण देतात. तें उकलण्याची व्यवस्था इंटेलच्या अलीकडील, अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांत आहे, आणि एनव्हीडियाच्या सन २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेंत आली. ती नसली तर सर्व ओझें प्रोसेसरच्या अंगावर पडतें. चित्र अडखळतें, आणि पंखे धांवूं लागतात. जुना संगणक असलेल्यांनीं निराश होऊं नये. संकलनाच्या बहुतेक प्रोग्रॅमांत मूळ चित्रणाची हलकी नक्कल, जिला प्रॉक्सी म्हणतात, ती करून घेण्याची सोय असते. नक्कल रात्रीं होऊं द्यावी, काम दिवसा तिच्यावर करावें, आणि शेवटची फीत मूळ चित्रणावरून काढावी.

ग्राफिक्स कार्ड हा या संगणकांतील सर्वांत महाग भाग होय, आणि उष्णतेचा सर्वांत मोठा वांटाहि त्याचाच. खेळ चालतात ते मुख्यतः त्याच्या बळावर. दाविंची रिझॉल्व्हसारखा संकलनाचा प्रोग्रॅम, ज्याची एक आवृत्ति फुकट मिळते, तोहि त्याच्यावरच मोठा भार टाकतो. येथें वॉटांची तफावत थक्क करणारी आहे. सन २०२३ चें आरटीएक्स ४०६० हें ११५ वॉट घेतें, २०२५ चें आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉट, आणि त्याच वर्षाचें आरटीएक्स ५०९० तब्बल ५७५ वॉट! या शेवटच्या कार्डाबरोबर वर सांगितलेला इंटेलचा प्रोसेसर जोडला तर दोघांचे मिळून ८२८ वॉट झाले. पुसा-माघांत लोक ज्या लहान विजेच्या शेगड्या पेटवितात त्यांची बरोबरी करणारी ही उष्णता भर मे महिन्यांत खोलींत घ्यावयाची, आणि ती घालविण्यासाठीं पुन्हां कूलर लावावयाचा, हा व्यवहार मला तरी पटत नाहीं. ५०६० टीआय हें ८ व १६ जीबी अशा दोन स्मृतींत निघालें. संकलन करणाऱ्यानें १६ घ्यावी. नुसतें खेळणाऱ्याचें ८ वर भागेलहि. परंतु फोर-के चित्रणावर रंगसंस्कार करूं लागलें कीं ८ जीबी अपुरी पडूं लागते.

कार्ड निवडतांना त्याच प्रतीच्या कार्डांतून ज्याचा हीटसिंक, म्हणजे धातूच्या पात्यांचा गठ्ठा, मोठा आहे तें पाहावें. बहुतेक नव्या कार्डांचे पंखे हलक्या कामांत पूर्ण थांबतात. पत्र लिहितांना किंवा फीत नुसती कापतांना कार्ड अगदीं मुकें असतें. घरीं आणल्यावर दोन गोष्टी विनामूल्य करावयाच्या. एक, कार्डाची विजेची मर्यादा शेंकडा वीसनें घटवावी. वेग त्या मानानें फारच थोडा उतरतो, उष्णता मात्र स्पष्ट कमी होते. दुसरी, खेळांत दर सेकंदास किती चित्रें काढावयाचीं याला बंधन घालावें. पडदा जर सेकंदास ६० चित्रें दाखविणारा असेल, तर कार्डानें १४० चित्रें काढण्यांत कोणाचा फायदा? वरचीं ऐंशी चित्रें पडद्यावर पूर्णपणें कधींच दिसत नाहींत, त्यांची उष्णता मात्र खोलींत येते. पालकांनीं एवढें एक बंधन तरी आग्रहानें घालून घ्यावें. खेळाचे तास कमी करण्यापेक्षां तें कमी भांडणाचें आहे.

एसएमपीएस हा भाग दिसत नाहीं, म्हणून त्यावर काटकसर होते. वस्तुतः सर्व संगणकाचें आयुष्य त्याच्या हातीं असतें. घरांतील विजेचें संगणकास लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेंत रूपांतर करणें हें त्याचें काम. त्यांत जी वीज वायां जाते तीहि उष्णताच. ८० प्लस या प्रमाणपत्राची पद्धति सन २००४ मध्यें सुरू झाली. तिच्या गोल्ड पायरीवरील एसएमपीएस अर्ध्या भारावर सुमारें ९० टक्के वीज कामीं लावतो. आपल्या नमुन्यांत प्रोसेसरचे ८८, कार्डाचे १८० व इतर सामानाचे सुमारें ५० मिळून ३२० वॉटच्या आंतबाहेर भार होतो. म्हणून ६५० वॉटचा घ्यावा, म्हणजे तो अर्ध्या भारावर निवांत राहतो आणि त्याचा पंखा हळू फिरतो. कांहींचा पंखा तर हलक्या भारांत थांबतोच. खोक्यावर किंवा माहितीपत्रकांत तो किती अंश तपमानावर पूर्ण शक्ति देतो हेंहि लिहिलेलें असतें. कांहीं ४० अंशांवर देतात, कांहीं ५० अंशांवर. पुण्या-नाशकास हा फरक गौण असेल; आपण मात्र ५० चा पाहून घ्यावा.

आतां कॅबिनेट. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, जाड दारांचें, आंतून ध्वनिशोषक अस्तर लावलेलें बंद कॅबिनेट म्हणजे शांत संगणक. थंड प्रदेशांत त्यांत तथ्य आहे. आपल्याकडे बंद दारामागें उष्णता कोंडते, पंखे वेग घेतात, आणि अस्तरानें जेवढा आवाज गिळला त्याहून अधिक नवा उत्पन्न होतो. समोर बारीक जाळीचें, १४० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आंत घेणारे व मागें एक बाहेर टाकणारा, असें कॅबिनेट येथें चांगलें. आंत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून किंचित् अधिक असली म्हणजे फटींतून धूळ शिरत नाहीं. ती जाळीवर अडते. घुग्गुस, दुर्गापूर, बल्लारपूर अशा कोळशाच्या टापूंत राहणाऱ्यांस जाळीवर काळा थर कसा बसतो हें निराळें सांगावयास नको. जाळी सुटी होऊन धुतां येते कीं नाहीं हें दुकानांतच काढून पाहावें.

प्रोसेसरवरील हीटसिंक मोठा घ्यावा, शक्यतों उष्णनलिकांचा मनोरा व १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा असलेला. प्रोसेसरच्या खोक्यांत मिळणारा छोटा हीटसिंक हिंवाळ्यांत चालतो. उन्हाळ्यांत तो सर्वांत आधीं बोंबलतो. मात्र मनोऱ्याची उंची पुष्कळदां १५५ ते १६० मिलिमीटर असते, ती कॅबिनेटांत मावेल कीं नाहीं हें आधीं ताडून घ्यावें. पाण्याच्या नळ्यांची शीतकयोजना दिसावयास मोठी डौलदार असते. पण पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं, ती एका जागेवरून दुसरीकडे नेतें एवढेंच. शेवटीं पंखे लागतातच, वर पंपाची कुरकुर अधिक. ८८ वॉटसाठीं तिची जरूरी नाहीं.

साठवणीच्या बाबतींत हिशेब करून घ्यावा. साध्या फोर-के कॅमेऱ्याचें चित्रण सेकंदास १०० मेगाबिटांचें धरलें तर तें १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासास ४५ जीबी झालें. झाडीपट्टीचें नाटक सहा तास चाललें तर एका कॅमेऱ्याचे २७० जीबी, दोन कॅमेऱ्यांचे ५४०. चालू काम ठेवण्यासाठीं २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. तींत फिरणारें कांहींच नसल्यामुळें ती मुकी असते. झालेलें काम जपून ठेवण्यास हार्ड डिस्क स्वस्त पडते, परंतु ती कॅबिनेटांत बसवूं नये. बाहेरून जोडण्याजोगी घ्यावी, नक्कल झाली कीं काढून कपाटांत ठेवावी. तेवढ्यानें आवाज जातो, आणि विजेच्या कडकडाटांत संगणक दगावला तरी नाटक वांचतें.

रॅम ३२ जीबी असावी, दोन पट्ट्यांत. सन २०२५ च्या अखेरीस या पट्ट्यांचे भाव एकाएकीं चढले होते, तेव्हां जुन्या पावतीवरून अंदाज बांधूं नये. मदरबोर्डाविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं: पंख्यांसाठीं चार पिनांच्या पुरेशा जागा असाव्या, आणि त्याच्या अंगावर स्वतःचा लहानसा पंखा नसावा. सन २०१९ मध्यें निघालेल्या एक्स५७० वर्गाच्या बहुतेक बोर्डांवर तसा पंखा होता. जुना माल स्वस्तांत मिळाला तरी शांततेच्या दृष्टीनें तो सोडावा. चार पिनांच्या जागा हव्या त्या अशासाठीं कीं, कोणत्या तपमानास पंखा किती फिरावा ही पायरी बायॉसमध्यें आपणांस लावतां येते. कारखान्यांतून आलेली पायरी क्षणाक्षणास वर-खालीं होते, आणि स्थिर आवाजापेक्षां चढउताराचा आवाज कानास अधिक त्रास देतो. ६० अंशांपर्यंत पंखे एकाच मंद वेगावर ठेवावे व तेथून हळूहळू चढवावे. ही पायरी हिंवाळ्याची एक व उन्हाळ्याची एक अशा दोन करून ठेवाव्या.

सुटे भाग चंद्रपुरांत मिळतात; विविधता हवी असेल तर नागपूरची सीताबर्डी गांठावी लागते. अहेरी, सिरोंचा, भामरागड इकडील पालकांनीं भाव करण्यापूर्वीं वॉरंटीची विचारपूस करावी. भाग बिघडला तर तो कोठें पाठवावा लागेल, तो दुकानदार घेईल कीं आपणांस नागपुरास जावें लागेल, हें पावतीवर लिहून मागावें. दोनशें रुपये वांचवून वर्षभरांत दोन वेळां शेंकडों मैलांची यातायात करावी लागली तर ती वांचवणूक कसली?

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. उन्हाळ्यांत ज्या खोलींत कूलर धडधडतो आहे तेथें संगणकाचा पंखा कोणास ऐकूं येणार? ऐकूं येणार नाहीं. म्हणून ध्वनीचें काम, म्हणजे गाण्याची सफाई व निवेदनाचें मुद्रण, पहाटे कूलर बंद करून करावें. त्या वेळीं खोलीहि निवलेली असते. सुदैवानें झाडीपट्टीचा हंगाम हिंवाळ्यांत पडतो. कूलरविषयीं आणखी एक सूचना आहे. त्याचा झोत थेट कॅबिनेटावर सोडूं नये. ओली हवा आणि विहिरीच्या पाण्यांतील क्षार यांच्या फवाऱ्यानें धातूवर पांढरी बुरशी चढते. कूलर व संगणक समोरासमोरच्या भिंतींस ठेवावे, खिडकी किंचित् उघडी असावी, आणि कॅबिनेट जमिनीपासून हातभर उंच व भिंतीपासून वीतभर दूर असावें. टेबलाच्या बंद कप्प्यांत तर तें कधींच ठेवूं नये. लांब केबल घेऊन तें कानापासून जितकें दूर नेतां येईल तितकें न्यावें. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट केलें तर आवाज ६ डेसिबलनें उतरतो, खोलींत भिंतींमुळें याहून कांहींसा कमी, परंतु केबलच्या किंमतींत एवढी शांतता दुसऱ्या कोणत्याहि भागांत मिळत नाहीं.

यूपीएस हा भाग चैनीचा समजूं नये. एक हजार व्हीएचा यूपीएस साधारणपणें ६०० वॉटचा भार उचलतो व वीज गेल्यावर काम जतन करून संगणक बंद करण्यापुरता अवधि देतो. तो शुद्ध साइन लहरीचा असल्यास बरें, कारण चांगल्या एसएमपीएसांपैकीं कांहीं चौकोनी लहरीवर कुरकुरतात. घरांतील अर्थिंग नीट आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि मृगाच्या गडगडाटांत प्लग काढून ठेवावा.

जाळी दर महिन्यास, आणि आंतील पंखे व हीटसिंक तीन-चार महिन्यांनीं मऊ ब्रशानें साफ करावे, होळीनंतर एकदां अवश्य. साफ करतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. ब्लोअरच्या झोतानें तें मोकाट फिरूं दिलें तर त्याचें बेअरिंग झिजतें, आणि पुढें तोच पंखा किरकिरूं लागतो.